बाजेवर लिहिलेल्या चाळण्या

चुलत बहिणीच्या लग्नासाठी मी पुण्याहून गोरेगावला आले ती जेमतेम दोन दिवसांची रजा काढून. हळदीच्या सकाळी ओटीपोटात कळ आली. मांडवात कुणाला कळू न देता दादानं जीप काढली, आणि दुपारी मी हिंगोलीच्या एका दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर छताकडे बघत पडले होते.

चौथा महिना संपत आला होता. आदल्या वर्षी एक बाळ असंच पाचव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. पिशवीचं तोंड आत्ताच सैल व्हायला लागलंय, त्या म्हणाल्या. टाका घालते. टाका घातला की बाळंतपणापर्यंत आडवं राहायचं.

"मग मी पुण्याला जाऊनच आडवी होते," मी म्हणाले. "माझी नोकरी आहे तिथं."

"अर्ध्या रस्त्यातच मोकळ्या व्हाल," हातमोजे काढत त्या म्हणाल्या. "गोरेगावला सोडतेय तेच मोठ्या मनानं सोडतेय. जीप बैलगाडीच्या चालीनं न्या."

माय दाराशी उभी होती. पदर तोंडाला लावून ती एवढंच म्हणाली, "माझ्या घरी राहील लेकरू. पाऊल भुईला लागू देणार न्हाई मी."

तिनं खरंच लागू दिलं नाही.

आमच्या मधल्या खोलीत बाज टाकली. दादानं पायथ्याच्या खुरांखाली विटा सरकवल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. त्या खोलीला खिडकी नव्हती, आढ्याजवळ नुसती एक जाळी. एका दारातून स्वयंपाकघर दिसायचं, दुसऱ्यातून बैठक आणि तिच्यापलीकडे अंगणाचा तुकडा. बाकीचं गाव कानांनी ओळखायचं. जीपवाल्याचं "सेनगाव, सेनगाव", पिठाच्या गिरणीचा पट्टा, बाजाराच्या दिवशीची कालवाकालव. अंग पुसणं, शौचाचं भांडं घेणं, केस विंचरणं, सगळं दुसऱ्याच्या हातानं. पहिले काही दिवस मी भांडं मागायला लाजायचे आणि तासन् तास कळ सोसत पडायचे. मग लाज गेली. ती गेल्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

हे सगळं करायची ती वहिनी, दादाची बायको. सेनगावकडची, बारावी पास, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. पण नात्यानं मोठी म्हणून मी तिला वहिनी म्हणायचे आणि ती मला ताई. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घरात हा विषय कुणी काढत नसे. मला बघायला येणाऱ्या बायका मात्र काढायच्या. एकदा लांबच्या नात्यातली एक म्हातारी बाजेच्या कडेला बसली, वहिनीच्या हातून चहा घेतला आणि तिच्यादेखत मायला म्हणाली, "हिला काहून ठिवलीस पोरीपाशी? भरल्या पोटापुढं रिकामी वटी बरी न्हाई." माय अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिली. वहिनी बशी घेऊन आत गेली. मला वाटलं, आपण उठून काही तरी बोलावं. पण मला उठता येत नव्हतं, आणि पडल्या पडल्या बोललेल्याला वजन नसतं.

मी तेव्हा पुण्यात एका लहानशा कंपनीत सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहायचे. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आमचा प्रोग्रॅम धरणांच्या आणि कालव्यांच्या पाण्याची पातळी बघायचा. पाण्यात बसवलेली यंत्रं थोड्या थोड्या वेळानं एक आकडा टिपायची, असे वर्षानुवर्षांचे आकडे एका भल्यामोठ्या फाईलमध्ये साठलेले असायचे. ती फाईल उघडली की गिऱ्हाइकाच्या ऑफिसातली जुनी मशिनं मान टाकायची. त्यावर मी एक उपाय काढला होता. सरांनी, म्हणजे आमच्या टीमच्या मुख्यांनी, "बघ करून" म्हणून परवानगी दिली होती आणि मी नुकती सुरुवात केली होती.

माझ्या आजाराचं कळल्यावर सरांचा फोन आला. फोन बैठकीत होता आणि मला उठायला बंदी, म्हणून निरोप वहिनीनं घेतला. दारात येऊन तिनं सांगितलं, "ते म्हणून राहिले, आराम करा. तुमचं काम दुसऱ्याला देतो म्हणे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. टाका घालताना रडले नव्हते.

रविवारी माझा नवरा आला तेव्हा मी त्याला एकच गोष्ट मागितली. पुढच्या खेपेला तो घरचा कॉम्प्युटर गादीत गुंडाळून घेऊन आला. ट्रॅव्हल्सवाल्यानं त्याचं वेगळं भाडं घेतलं म्हणे. दादानं ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि एक इन्व्हर्टर जोडून दिला, कारण लाईट दिवसातून कितीही वेळा जायची. मॉनिटर धान्याच्या कोठीवर आडवा कलता बसवला आणि कीबोर्ड माझ्या कुशीतल्या उशीवर. सरांना नवऱ्यानंच गळ घातली, आणि ते "ठीक आहे, दोनेक महिने बघू" म्हणाले.

"त्या डब्यातून किरणं निघतात म्हणे," माय म्हणाली. "लेकराला लागतील."

"काही निघत नाही गं."

"तुला काय ठाऊक? तू काय पोटात जाऊन पाहिलंस?" असं म्हणून तिनं चार पदरी गोधडी माझ्या पोटावर टाकली. फाल्गुनाच्या उकाड्यात मी ती गोधडी पोटावर घेऊन प्रोग्रॅम लिहीत असे. काढली की माय परत घालायची. शेवटी मी काढायची सोडली.

मी काय लिहीत होते ते वहिनीनं एकदा विचारलं. माय तेव्हा अंगणात तुरी साफ करत होती, आणि तो तुकडा मला बाजेवरून दिसायचा. मी म्हणाले, "मायचं बघ. आधी सगळा ढीग चाळते. चाळलेल्याचा दुसरा ढीग. मग तो सगळा पाखडते, तिसरा ढीग. मग सगळ्यातले खडे वेचते, चौथा. अंगण पुरत नाही. आमचा प्रोग्रॅम असाच करतो, म्हणून मशिनची जागा भरते आणि ते बंद पडतं."

"मग दुसरं काय करावं माणसानं?"

"चाळण्या एकावर एक लावून ठेवायच्या आणि काहीच करायचं नाही. कुणी खालून हात पुढं केला, एक दाणा द्या म्हणाला, की शेवटची चाळणी वरच्या चाळणीला मागणार, ती तिच्या वरचीला, आणि एकच दाणा खाली येणार. खराब निघाला तर टाकून पुढचा मागायचा. हात मागं घेतला की सगळं थांबलं. ढीग कुठंच नाही."

वहिनीनं जरा विचार केला. "म्हंजी आळशी चाळण्या."

"इंग्रजीत तसंच म्हणतात त्यांना," मी म्हणाले आणि आम्ही दोघी हसलो. बाजेवर पडल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं असेल.

सांगायला सोपं, लिहायला नाही. यातली खुबी अशी की प्रत्येक चाळणी बाहेरून अगदी धान्याच्या पोत्यासारखीच दिसली पाहिजे, म्हणजे पुढच्या चाळणीला कळूच नये की आपण पोत्यातून घेतोय की दुसऱ्या चाळणीतून. तरच कोणतीही कोणत्याहीवर चढवता येते. माझी पहिली गाळणारी चाळणी चांगला आकडा शोधत शोधत फाईलच्या टोकापलीकडे निघून जायची, कारण पोतं कुठं संपतं हे तिला मी सांगितलंच नव्हतं. तेवढं उमगायला आठवडा गेला. एखादा कंस चुकला तर त्या भाषेत चुकीचा खुलासा पानंच्या पानं यायचा, आणि ती पानं मी डाव्या कुशीवर, डोकं खाली करून वाचायचे. उजव्या कुशीवर व्हायची परवानगी नव्हती.

चाळण्यांचा हा संच, आमच्या भाषेत लायब्ररी, पुण्याला पोचवायचा तर इंटरनेट लागे, आणि ते हिंगोलीला. फ्लॉपीवर घालून कुणी तरी जायला हवं. पहिल्या खेपेला बाबा गेले, त्यांना सायबर कॅफेतल्या पोरानं काय विचारलं ते कळेना आणि ते फ्लॉपी तशीच परत घेऊन आले. दुसऱ्या खेपेला दादा गेला. जीपमध्ये त्यानं ती टेपच्या स्पीकरवर ठेवली आणि त्यातल्या लोहचुंबकानं फ्लॉपी कोरी झाली. मग वहिनी म्हणाली, "मी जाऊ का?"

मायनं वर पाहिलं. "तू? एकटी?"

"बारावीला रोज सेनगावला जातच होते की, आत्याबाई."

"तवा तू पोरगी होतीस. आता सून हाईस."

बाबा बैठकीतून म्हणाले, "जाऊ दे. मी जीपीत बसवून देतो, येताना उतरून घेतो." त्यांच्या शब्दापुढे माय गेली नाही.

वहिनी गेली. दोन फ्लॉप्या, दोन्हींवर तेच, रुमालात बांधून. दुपारी परतली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. माझ्या बाजेशी बसून तिनं सगळं सांगितलं: कॅफेवाल्यानं आधी तिला नीट बसायलाही सांगितलं नाही, मग तिनंच पत्ता टाईप केला, कॅफेत एसी होता, बसस्टँडपासून ती चालत गेली, रिक्षा केली नाही. "चालायला लई बरं वाटलं," ती म्हणाली आणि लगेच गप्प झाली, कारण मी चालू शकत नव्हते. त्यानंतर दर आठवड्याला ती जायची. फ्लॉपी भरली नसेल तरी मी काही तरी भरून द्यायचे.

मग एक दिवस सरांचा फोन आला. वहिनी रिसीव्हर कानाला लावून दारापर्यंत यायची, वायर ताणली जायची, आणि त्यापुढं ती येऊ शकत नसे. ती तिथूनच ओरडून सांगायची.

"ताई, ते म्हणून राहिले, तुमची लायब्ररी कचरा देऊन राहिली!"

"कसला कचरा? विचार."

"कसला कचरा म्हणे?" ती फोनात म्हणाली. मग मला, "पहिले दोन-तीन आकडे बराबर. मग कायबी येतं. कधी मधीच बंद पडतं."

"दर वेळी?"

"न्हाई म्हणे. कधी धड चालतं, कधी न्हाई. हेच जास्त वाईट हाय म्हणे."

"एकच फिल्टर लावला तर?"

तिनं विचारलं. "एक लावला तर चालतं. एकावर एक चढवले की बिघडतं."

मी कीबोर्ड ओढला आणि एकावर एक तीन चाळण्या लावून चालवल्या. माझ्यासमोर सगळे आकडे नीट, एकही चूक नाही. परत चालवल्या. परत नीट. पुण्यातलं मशिन मला बघता येत नव्हतं, हात लावता येत नव्हता, आणि इथं चूक दिसतच नव्हती.

"माझ्याकडे चालतंय म्हणावं!"

"ताईकडं चालून राहिलं म्हणे... व्हय... व्हय सर." वहिनीनं रिसीव्हर छातीशी धरला आणि आवाज खाली आणला. "सोमवारपर्यंत बघतो म्हणे. न्हाई तर जुन्या पद्धतीनंच देऊन टाकतो. गिऱ्हाईक थांबत न्हाई. आन्..."

"आन् काय?"

"तुमी आराम करा म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा आल्या. मी काही उचललं नव्हतं, उठले नव्हते. तशाच आल्या. बाजेसकट उचलून मला जीपपर्यंत नेलं. हिंगोलीला डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, दिवसभर ठेवून घेतलं आणि टाका शाबूत आहे म्हणून संध्याकाळी घरी पाठवलं. परत आले तर कोठी रिकामी. मॉनिटर, कीबोर्ड, बॅटरी, काहीच नव्हतं.

"धान्याच्या खोलीत नेऊन ठिवलं," माय म्हणाली. "आता त्याचं नाव काढायचं न्हाई."

"माय, त्यानं काही झालं नाही."

"मागच्या खेपंला काहून झालं मग? तवाबी तू रोज त्याच्याचपुढं बसत होतीस." तिचा आवाज चढला आणि फाटला. "एक लेकरू गेलं. म्या तुझं तोंड पाहिलं तवा. परत न्हाई पाहायचं मला ते."

मी भिंतीकडे तोंड केलं.

तुरुंगातल्या माणसाला निदान फेऱ्या मारता येतात, असं मला त्या दिवसांत वाटायचं. मी भिंतीवरचे चुन्याचे पोपडे मोजले, परत मोजले, मध्येच चुकले. जेवण नको व्हायचं. सोमवार येत होता. पण प्रोग्रॅम डोक्यातून कुणाला काढून नेता येत नाही. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी तो ओळी-ओळीनं आठवत राहिले. एक आकडा घ्यायचा आणि त्याला सगळ्या चाळण्यांतून मनानंच चालवायचं. बोटानं भिंतीवर.

एक लावली तर चालतं, दोन लावल्या तर बिघडतं. एकच असते तेव्हा ती फाईलमधून घेते, आणि फाईल तर शेवटपर्यंत उघडी असते. दोन असतात तेव्हा बाहेरची आतलीकडून घेते. आतली कुठं असते? ती त्या एका ओळीपुरती तयार झालेली. ओळ संपली की मशिन तिला मोडून टाकतं. आणि मी घातलेल्या एका चिन्हामुळं बाहेरच्या चाळणीनं आतल्या चाळणीचा नुसता पत्ता जवळ ठेवला होता. काम लगेच होत असतं तर हरकत नव्हती. पण माझ्या चाळण्या आळशी. त्या मागणी आल्यावर हलणार, आणि तोवर त्या पत्त्यावर कुणी राहिलेलं नसे. कधी जुनं सामान तसंच पडलेलं सापडायचं, म्हणून धड चालायचं. माझ्या मशिनवर ते नेहमीच सापडत होतं. पुण्यात तिथं दुसरंच कुणी बिऱ्हाड करून बसायचं.

"वहिनी!" मी हाक मारली. ती कणकेच्या हातानंच धावत आली, मायही मागोमाग, दोघींना वाटलं परत कळा. "फोन लाव पुण्याला."

मायनं माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मशिन नको, फक्त फोन, आणि बोलणारही वहिनीच, मी म्हणाले. माय दाराच्या उंबऱ्यावर बसली. तेवढी परवानगी आम्ही धरून चाललो.

"सर, ताई सांगून राहिल्या," वहिनी फोनात मोठ्यानं म्हणाली, "फिल्टरच्या फाईलमधी तो आतला हाय ना, इनर, तो जिथं जपून ठिवला हाय, तिथलं ते चिन्ह काढून टाका... कोणतं? ताई, कोणतं म्हणे?"

"अँपरसँड."

"आंपरसँड म्हणे... न्हाई समजलं? दुकानाच्या पाटीवर 'अँड सन्स' लिहितात बघा, त्याच्या मधलं वाकडंतिकडं. ते. व्हय." मग मला, "ते म्हणून राहिले, ते काढलं तर सगळ्याची कॉपी होईल. परत जागा भरंल."

"सांग त्यांना, चाळणीची कॉपी होते, धान्याची नाही. चाळणी हलकी असते. फाईलपाशी जे चिन्ह आहे ते मात्र राहू द्या म्हणावं."

तिनं जसंच्या तसं सांगितलं, चाळणी आणि धान्यासकट. वहिनी रिसीव्हर कानाला लावून उभी होती, कणीक हातावर वाळत चालली होती. माय तिच्या तोंडाकडे बघत होती. मी आढ्याकडे.

"व्हय सर... व्हय?" वहिनी एकदम वळली. "ताई, चालून राहिलं! तिन्ही एकावर एक लावून! सगळे आकडे बराबर म्हणे!"

मायनं गुडघ्यावर हात टेकून उठत विचारलं, "काय केलं काय तुमी?"

"एक चिन्ह पुसलं, आत्याबाई."

"एवढ्यासाठी जेवली न्हाई ही दोन दिस?" असं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी तिनं दादाला सांगून कॉम्प्युटर परत कोठीवर ठेवून घेतला. सकाळच्या वेळीच, तिची भांडी होईपर्यंतच. गोधडी होतीच.

शेवटची फ्लॉपी घेऊन वहिनी हिंगोलीला गेली त्या दिवशी तिला यायला उशीर झाला. माय दोनदा दारात जाऊन आली. वहिनी आल्यावर पाय धुऊन माझ्यापाशी आली आणि केस विंचरायला बसली. माझी पाठ तिच्याकडे होती.

"ताई, कुणाला सांगणार न्हाई ना?"

"नाही."

"मी त्या डॉक्टरीणबाईकडं जात होते. तीन-चार खेपा झाल्या. आधी फ्लॉपी पाठवायची, मग तिकडं. आज रिपोर्ट दिला." तिनं फणी थांबवली. "माझ्यात खोट न्हाई. मालकाला घेऊन या म्हणाल्या."

मालक म्हणजे माझा दादा. माझ्यासाठी बाजेखाली विटा लावणारा, बॅटरी जोडणारा.

"तू सांगितलंस त्याला?"

"कसं सांगू? मी दवाखान्यात गेल्तेच कशी, हेच पहिल्यांदा विचारतील." ती परत विंचरू लागली. "राहू द्या. मला ठाऊक झालं, तेवढं बस."

तिनं वेणी घालून दिली. ती म्हातारी पुन्हा आली तेव्हा वहिनीनं तिला चहा दिला आणि तिच्यासमोरून हलली नाही, तिथंच पाटावर बसली. एवढाच फरक बाहेरच्याला दिसला असता, आणि तोही कुणाला दिसला नाही.

चैत्रात, दिवस भरायच्या आधीच, पाणी गेलं. जीपमध्ये माझं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. मुलगी झाली, मुठीएवढी. तिला नांदेडला नेऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. इतक्या महिन्यांनी मी पहिल्यांदा चालले ते त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, भिंतीला धरून. पेटीपर्यंत जाऊन उभी राहिले. तिला अजून हात लावायचा नव्हता. काचेवर बोटं ठेवून मी तिचा श्वास बघत होते. मायनं तिथंच खाली फतकल मारली आणि कितीतरी वेळ उठली नाही.

मुलगी वाचली. अंगानं भरायला लागली तेव्हा नवरा न्यायला आला. दादा आम्हांला कनेरगाव नाक्यापर्यंत सोडायला आला होता, तिथून वाशिम आणि पुढं पुण्याची ट्रॅव्हल्स. नवरा बसची चौकशी करायला गेला. मी आणि दादा एका ढाब्यासमोरच्या बाकावर बसलो, मुलगी माझ्या मांडीवर झोपलेली. मला वाटलं, आत्ता बोलले नाही तर कधीच नाही.

"दादा, तू एकदा डॉक्टरला दाखव."

"मला काय झालं?"

"मुलासाठी. दोघांना तपासावं लागतं. तिच्या एकटीचं नसतं ते."

त्यानं चहाचा कप बाकावर ठेवला. रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिनं सांगितलं तुला असं?"

"मीच म्हणून राहिले. चार महिने बाजेवर आणि दवाखान्यांत गेले माझे, एवढं मला कळतं."

बस आली. त्यानं बॅगा वर चढवल्या, खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "पोरीला वारं लागू देऊ नको." माझ्याकडे न बघता जीपकडे चालायला लागला. मला कळेना, मी वहिनीचं भलं केलं की तिला अजून अडचणीत टाकलं. पुण्यापर्यंत मी तोच विचार करत होते.

पुण्यात सर चांगले वागले. माझ्या चाळण्या गिऱ्हाइकाकडे चालल्या, जुन्या मशिनवरही अडल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षी तसलीच एक तयार लायब्ररी बाहेरून फुकट मिळाल्यावर कंपनीनं माझी काढून ती लावली. तिच्यात माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं. मी ती उघडून पाहिली. त्यांनीही आतल्या चाळणीची कॉपीच ठेवली होती. मला मात्र परत आल्यावर लिहायचं काम दिलं नाही, दुसऱ्यांचं तपासायचं दिलं. लहान मूल आहे, धावपळ नको, असं ते म्हणाले. मी दीड वर्ष ते केलं आणि मग ती नोकरी सोडली.

गोरेगावला फोन केला की माय उचलायची. वहिनी हिंगोलीला जाते का, असं विचारलं तर म्हणायची, "आता काहून जाईल? काम काय तिथं?" वहिनीशी बोलणं व्हायचं ते माय शेजारी असताना, पोरगी कशी हाय, दात आले का, एवढंच.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं गाड्यांचा आवाज होता.

"ताई, मी. हिंगोलीहून बोलून राहिले, एसटीडीवरून."

"एकटी आलीस?"

"न्हाई," ती म्हणाली. "ते हायत संगं. दवाखान्याच्या बाहेर उभे हायत. पाच मिंटं झाली, आत जायला तयार न्हाईत." थोडं थांबून तिनं आवाज बारीक केला. "आता चप्पल काढून राहिले. ठिवते मी."